डबीला रीत कोणी सांगायची?

मुदेरा उवा ज्याला शिव्या घालत नसत, त्याने समजून जावं की हा माणूस आपल्याला घरातला धरत नाही. बायको, गाय, बदकं, पाण्यावरून भांडायला आलेला शेजारी, सगळ्यांचा ते एकाच तोंडाने आणि एकाच मायेने उद्धार करत. अदब त्यांनी राखून ठेवली होती ती कर गोळा करायला येणाऱ्यांसाठी, कॅमेरे घेऊन बांधावर चढणाऱ्या गोऱ्यांसाठी, आणि पुन्हा गाठ पडली नाही तर बरं असं ज्यांच्याबद्दल वाटे त्या सगळ्यांसाठी. पुतण्याला तर त्यांनी नेंगा अशी नावाने हाक कधी मारलीच नव्हती. गाढवा, चिखलतोंड्या, बदकाच्या. उवा म्हणजे थोरले काका. नेंगाचे आईबाप लवकर गेले, तेव्हा याच काकांनी त्याला वाढवला, आणि काकूला तो मेमे, म्हणजे आईच, म्हणायचा.

उवा गावच्या सुबाकचे प्रमुख होते. एका बंधाऱ्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांचं मंडळ म्हणजे सुबाक. कोणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचं, कोणी थांबायचं, हे तिथे ठरतं आणि बंधाऱ्यावरच्या देवळात देवीला सांगितलं जातं. त्यामुळे नेंगाने बंधाऱ्यावर डबी बसवायची गोष्ट काढली तेव्हा आधी उवांनाच पटवावं लागलं आणि मग अख्ख्या गावाला.

नेंगा बेटावरच्या मोठ्या शहरात, देनपसारला, अशा डब्या बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. इंजिनिअर. गावच्या सभागृहात उभा राहून त्याने जेवणाच्या डब्याएवढी पांढरी डबी सगळ्यांना दाखवली.

"हिच्यात फोनसारखंच सिम आहे, पण ही फोनसारखी बडबड करत नाही. दिवसातून दोनचारदा उठते, पाणी किती आहे तेवढं टॉवरला सांगते आणि परत झोपते. म्हणून एकच बॅटरी वर्षानुवर्षं पुरते."

"आणि झोपलेली असताना आपण हाक मारली तर?" कोणीतरी विचारलं.

"ऐकत नाही. उठेल तेव्हा निरोप घेईल."

"म्हणजे आमच्या जावयाची बहीण म्हणा की!"

"पण टॉवर तर डोंगरापलीकडे," दुसरा म्हणाला. "मध्ये एवढं बांबूचं बन. निरोप पोचणार कसा?"

"हळू बोलते, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहते. पन्नासदा सांगेल, शंभरदा सांगेल. टॉवरच्या कानावर एकदा तरी पडतंच."

"अरे, ही तर आमची बायको!" उवा म्हणाले.

"तसं असतं तर तुमच्या डोक्यात एकदा तरी काही शिरलं असतं," मागे नारळाची पानं कापत बसलेली मेमे म्हणाली, आणि सभागृह हसून लोळलं.

हसून झाल्यावर एक म्हातारा उठला. त्याचं म्हणणं साधं होतं. बंधाऱ्याला लागून देऊळ आहे. तिथे बाहेरची वस्तू बसवायची, तर तिला गावच्या रीती काय माहीत? यावर थोडी कुजबुज झाली. मग उवा उभे राहिले. ते म्हणाले, "वस्तू बाहेरची आहे, पण बसवणारा आपला आहे. या गाढवाला मी त्याच पाटात बुचकळून पोहायला शिकवलंय. बाहेरच्याला जे सुचणार नाही, ते याला सुचेल. माझा शब्द आहे."

उवांचा शब्द म्हटल्यावर बोलायचं काय? डबी बसली. पहिला हंगाम छान गेला. कोणाकडे किती पाणी आहे ते घरबसल्या कळायला लागलं, आणि ज्या म्हाताऱ्याने खोडा घातला होता तोच नातवाच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ पाणी बघत बसू लागला.

एकदाच गडबड झाली. पावसात बांबू ओथंबून वाकला, डबीचे निरोप पोचेनात आणि कोणाला पत्ताच लागला नाही. नेंगाने लगेच उपाय काढला. डबीत त्याने छोटा भोंगा बसवला. निरोप गेला नाही की डबी स्वतःच ओरडणार, टीं-टीं-टीं, आणि टॉवर सापडेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने ओरडत राहणार. जाणारायेणारा ऐकेल आणि कळवेल. मुंग्या, बदकं, वीज, पूर, चिखल, सगळ्याचा त्याने विचार केला होता. "पाण्यात बुडवा नाहीतर मातीत पुरा, बोलायची ती बोलणारच," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. कंपनीतही त्याची पाठ थोपटली गेली.

विसरला तो एकच गोष्ट, आणि ती विसरायला माणूस या बेटावरचा नसावा लागतो.

न्येपी हा दिवस काही चोरपावलांनी येत नाही. नव्या वर्षाचा पहिला दिवस. चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, आवाज करायचा नाही. विमानतळसुद्धा बंद असतो. आणि अलीकडे त्या दिवशी मोबाईलचं नेटही बंद ठेवतात. शाळेत न जाणारं पोरही हे सांगेल. नेंगालाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. गेल्या वर्षीची न्येपी त्याने मित्रांबरोबर हॉटेलात काढली होती, खिडक्यांना जाड पडदे लावून, आत पोहत आणि सिनेमे बघत. त्याच्या आदल्या वर्षी तो कंपनीच्या कामाने शेजारच्या बेटावर, सुराबायाला होता. त्याच्याही आधी असाच कुठेतरी. न्येपी म्हणजे त्याला जोडून येणारी सुट्टी झाली होती. यंदा उवांनी निरोप धाडला, "ये घरी, चिखलतोंड्या. म्हातारी आठवण काढते," म्हणून तो आला.

आदल्या संध्याकाळी गावात नेहमीचा दंगा होता. ढोल, थाळ्या, मशाली, आणि खांद्यांवर नाचवत आणलेला बांबू-कागदाचा अक्राळविक्राळ राक्षस. नेंगा कडेला उभा राहून फोनवर चित्रण करत होता. लानुसने त्याला बघितलं. लानुस त्याचा लहानपणापासूनचा मित्र. आता तो पेचालांग होता, म्हणजे न्येपीला चौकड्यांचं वस्त्र नेसून गावात फिरणारा आणि कोणी रीत मोडत नाही ना हे बघणारा राखणदार.

"काय रे ए, खांदा दे की! का शहरात खांदा गहाण टाकून आलास?"

"आलो आलो, एवढं घेऊन येतो."

"घे घे. राक्षसाला सांगतो थांबायला, साहेबांचं चित्रण चाललंय म्हणून." लानुस हसला आणि घामाने भिजलेला हात नेंगाच्या शर्टाला पुसून पुढे गेला. चित्रण पुरं होईस्तोवर राक्षस वळणापलीकडे गेला होता. खांदा द्यायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी गाव गप्प झालं. उवांचं दर न्येपीला मौन असे. पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत अन्न नाही आणि शब्द नाही. ते ओट्यावर मांडी घालून बसले. मेमे आदल्या दिवशीचा गार भात पुढे घेऊन, आवाज होऊ नये म्हणून बोटांनी हळूहळू खात होती. नेंगा खांबाला टेकला. शेजारच्या अंगणात झाडावरून जांब पडला तोही ऐकू आला. किती दिवसांत असं काही ऐकलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. अगदी घरी आल्यासारखं.

टीं-टीं-टीं.

कुठल्या मूर्खाचा फोन वाजतोय, हा त्याचा पहिला विचार. थोड्या वेळाने पुन्हा तेच. टीं-टीं-टीं. आवाज घरांकडून नव्हे, खाचरांकडून येत होता. आणि मग नेंगाच्या लक्षात आलं.

नेट बंद होतं. डबी नेहमीसारखी उठली होती, टॉवरला हाक मारत होती आणि टॉवर गप्प होता. ती हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहिली असणार. मग शेवटी तिने तेच केलं जे नेंगाने तिला शिकवलं होतं. एरवी मोटारसायकलींच्या गदारोळात तो भोंगा बंधाऱ्याखालच्या वाटेपर्यंतही नीट पोचला नसता. आज तो देवळावरून, खाचरांवरून, गावातल्या प्रत्येक ओट्यावर येऊन पडत होता.

उवांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच बघितलं.

नेंगा मान खाली घालून फोन चाळू लागला, पण नेटच नाही तर फोन काय करणार? आणि नेट असतं तरी त्या झोपाळू डबीने तिच्या सवडीनेच ऐकलं असतं. मागच्या भिंतीवरून उडी मारली की बंधाऱ्याची वाट. पण न्येपीला, सुबाकच्या प्रमुखाच्या घरातून, भिंतीवरून उडी? तो उठला, भिंतीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. पुन्हा टीं-टीं-टीं. प्रत्येक वेळी त्याच्या कानांच्या पाळ्या गरम होत. मेमेने भाताची वाटी बाजूला सारली. तिचं खाणंच थांबलं.

दुपारी दरवाजाशी लानुस आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून अगदी हळू बोलला.

"नेंगा, आवाज तुमच्याकडनं येतोय का रे? पार बेंदेसांच्या घरापर्यंत जातोय. म्हाताऱ्या बायका घाबरल्यात, देवळाकडं काय झालं म्हणून."

बेंदेसा म्हणजे गावच्या रीतिरिवाजाचे प्रमुख. ते नाव ऐकलं आणि नेंगाचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं.

"बेडूक असेल."

"बेडूक?"

"म्हणजे... मला काही नीट ऐकू नाही आलं."

टीं-टीं-टीं. आता इतकं स्वच्छ की लानुसने फक्त भुवया वर केल्या. तो काही बोलणार, तेवढ्यात उवा ओट्यावरून उतरले. दरवाजापर्यंत चालत आले. त्यांनी तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मग बोट बंधाऱ्याकडे केलं. माझं आहे ते. लानुसने हात जोडले, नेंगाकडे न बघता पाठ फिरवली आणि तो निघून गेला. उवाही पुन्हा जाऊन मांडी घालून बसले.

त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं नेंगाला वाटलं. बेडूक! दुसरं काहीतरी तरी सुचायचं. पण खोटंही त्याला लहान पोराचंच सुचलं, आणि तेही उवा बोलू शकत नव्हते अशा दिवशी, त्यांच्यासमोर.

पेचालांगांनी डबीवर चिखल थापला. चिखलातूनही ती बोलली. पाण्याने भिजवलेली घोंगडी टाकली, तरी आवाज येतच राहिला. बंधाऱ्यावरच्या खांबाला ती अशा बोल्टांनी आवळलेली होती की हाताने सुटेना, आणि न्येपीला अवजार कोण हाती धरणार? त्या बोल्टांचाही नेंगाला अभिमान होता. शेवटी मागच्या भिंतीच्या फटीतून त्याला दिसलं की लानुसने अंगावरचं वस्त्र डबीला गुंडाळलंय आणि तो खांबाला मिठी मारून बसलाय. आवाज दबला. उन्हं कलेपर्यंत लानुस तसाच उघड्या अंगाने बसून होता. नेंगाला भिंतीजवळून हलता येईना आणि बघवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेट परत आलं, आणि नेंगाच्या फोनवर डबीचे सगळे अडकलेले निरोप एकामागून एक येऊन पडले. पाणी ठीक. पाणी ठीक. पाणी ठीक. दिवसभर टॉवर शोधून शोधून तिची वर्षानुवर्षं पुरणारी बॅटरी अर्ध्यावर आली होती.

उवांचं मौन सुटलं. पहिला शब्द मेमेला, "कॉफी टाक गं म्हातारे, जीव गेला माझा." मग गाईला, मग कोंबड्याला. नेंगा आपल्या वाटणीच्या शिव्यांची वाट बघत उभा होता. आयुष्यात कधी खाल्ल्या नव्हत्या तेवढ्या खायची त्याची तयारी होती. त्याला त्या हव्या होत्या.

"उवा, चुकलो मी."

उवांनी कप उचलला आणि ते विहिरीकडे आंघोळीला गेले.

न्येपीनंतरच्या सकाळी गावात सगळे एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभराची चूकभूल माफ करा म्हणतात. यंदा ते आधी सभागृहात जमले. लानुसने घडलं ते सांगितलं. आवाज ऐकला, शोधत गेलो, डबी सापडली, झाकली. बेडकाबद्दल एक अक्षर नाही. नेंगा ते अक्षर येईल म्हणून जीव मुठीत धरून बसला होता. आलं नाही, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी आणखीच मेल्यासारखं झालं.

मागच्या न्येपीला एक गोरा प्रवासी रस्त्यावर फिरायला निघाला होता. पेचालांगांनी त्याला हात जोडून आत पाठवलं होतं आणि दंड ज्याच्याकडे तो उतरला होता त्या घरमालकाला केला होता, कारण पाहुण्याला रीत सांगायची जबाबदारी घरच्याची. बेंदेसांनी तोच दाखला दिला.

"डबीला कोणी सांगायचं होतं?"

"मी," उवा म्हणाले. "मी आणली, मी शब्द दिला. दंड मला."

नेंगा ताडकन उठला. "नाही! बेंदेसा, चूक माझी आहे. भोंगा मी बसवला. न्येपीला नेट बंद असतं हे मला सुचायला हवं होतं. उवांचा काही संबंध नाही. दंड मला करा."

बेंदेसा शांत माणूस. त्यांनी मायेनेच विचारलं, "गेल्या न्येपीला कुठं होता तुम्ही?"

'तुम्ही' हा शब्द नेंगाच्या कानाला टोचला. बेंदेसांनी त्याला उघडा-नागडा खेळताना बघितलं होतं.

"देनपसारला. हॉटेलात."

"त्याच्या आधी?"

"सुराबायाला."

बेंदेसांनी मान हलवली. "मग तुमच्या कसं लक्षात राहणार? दंड गावच्या माणसाला असतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बसा."

कोणी हसलं नाही. कोणी टोमणाही मारला नाही. ज्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा हरकत घेतली होती, त्याने तर सरकून नेंगाला बसायला चटई दिली. गावाने त्याला माफ केलं होतं, अगदी मनापासून.

उवांना दंड झाला तो देवळाचं आवार झाडायचा आणि शुद्धीचा नैवेद्य करायचा. मेमे घरी नैवेद्याला लागली. नेंगा पाना घेऊन बंधाऱ्यावर गेला, डबी उतरवली, तिच्यातला भोंगा उपटून खिशात टाकला. मग देवळाच्या भिंतीला टेकवलेला खराटा उचलला. पलीकडे उवा झाडत होते, लानुस पानं गोळा करत होता.

लानुस लगबगीने आला. "राहू द्या, राहू द्या. तुम्ही कशाला? कपडे खराब होतील."

"लानुस, मला तुम्ही काय म्हणतोयस? शिव्या घाल. ढकल मला पाटात!"

लानुस अवघडला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बेडकाचं मी कोणालाच बोललो नाही. बोलणारही नाही. तुम्ही काळजी करू नका."

तो झाडू लागला. चाफ्याची फुलं, वाळकी पानं, कालच्या चिखलाचे गोळे. झाडता झाडता त्याला आठवलं, लहानपणी तो एकदा बाहेरून आत, देवीच्या दिशेने केर लोटत गेला होता, तेव्हा उवांनी पाठीत असा धपाटा घातला होता की खराटा हातातून उडाला. "बदकाच्या! देवीच्या तोंडावर केर टाकतोस?" ते ओरडणं तेव्हा खालच्या खाचरातल्या बायकांनी ऐकलं होतं.

नेंगाने उवांकडे बघितलं. मग जाणूनबुजून, त्यांना दिसेल असा, तो उलटा झाडू लागला. देवीकडे. एक फटकारा, दुसरा, तिसरा. पाठ त्याने उवांकडे केली होती आणि ती धपाट्यासाठी ताठ झाली होती.

मागे पावलं वाजली, जवळ आली. उवा त्याच्या शेजारून पुढे गेले, त्याने लोटलेला केर वाकून ओढून घेतला आणि बाहेरच्या दिशेने झाडत नेला. मग मेमेने पाठवलेला थर्मास त्यांनी उघडला. स्वतःसाठी आणि लानुससाठी पेल्यांत कॉफी ओतली. नेंगासाठी मात्र पाहुण्यांचा, झाकणाचा कप निघाला. तो त्यांनी खालून दुसरा हात लावून, नीट त्याच्यापुढे धरला.

"घ्या," उवा म्हणाले. "दमला असाल."